मांडूची निळाई आणि आजचे काचकलावंत

जागतिक वारसा सप्ताह 19 नोव्हेंबरला सुरू होतो आणि धारहून मांडूकडे जाणारा रस्ता गजबजतो. बहुतेक लोक घुमट पाहतात, जहाज महालावर चढतात, रूपमतीच्या मंडपातून नर्मदेचे खोरे न्याहाळतात आणि परततात. यंदा त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी असे आम्हांला वाटते. माळव्याचा सुलतान होशंगशाह याचा मकबरा, जामी मशीद, जहाज महाल अशा इमारतींवर, कडांच्या आणि पट्ट्यांच्या आधाराने, पाचशे वर्षांपूर्वीच्या फिरोजी रंगाचे तुकडे अजून टिकून आहेत. कुठे एखादी चांदणी, कुठे नुसती कपची. दगड काळवंडला, चुना गळला, पण तो रंग उन्हात आजही ओला दिसतो.

तो रंग म्हणजे काच. भाजलेल्या मातीवर वाळू, खार आणि धातूची भुकटी यांचा लेप देऊन ती पुन्हा भट्टीत घातली की लेप वितळतो आणि मातीवर काचेचा पातळ थर बसतो. खार जास्त असलेल्या काचेत तांबे मिसळले तर फिरोजी छटा येते. तेच तांबे शिशाच्या काचेत हिरव्याकडे झुकते. हे सारे नजरेने आणि अनुभवाने साधणाऱ्या कारागिरांची नावे आज कुणाला सांगता येत नाहीत. होशंगशाहच्या मकबऱ्यावर 1659 सालचा एक लेख आहे. शाहजहानचे वास्तुकार तिथे येऊन आदर व्यक्त करून गेले, असे तो सांगतो. मकबऱ्याच्या संगमरवराला असा मान मिळाला. काचेच्या वाट्याला तो अजून यायचा आहे.

आणि तो आजच्या काचकलावंतांनी द्यावा, हे आमचे म्हणणे आहे. जगभर काचेत काम करणाऱ्यांना प्रेरणा कुठून मिळते हे पाहिले, तर पुष्कळदा ती दुसऱ्या कुणाच्या जुन्या हस्तकौशल्यातून मिळालेली दिसते. 1962 साली अमेरिकेतल्या टोलीडो इथे हार्वी लिटलटन आणि डॉमिनिक लॅबिनो यांनी लहान भट्टी उभी करून दाखवली. तोवर कारखान्याची मानली जाणारी तापलेली काच त्यानंतर एकट्या कलावंताच्या हाती आली. पुढे अमेरिकी काचकलावंत डेल चिहुली यांनी 1975 मध्ये तिथल्या नावाहो आदिवासी विणकरांच्या घोंगड्यांवरून काचेचे उभट नळे केले. त्यांच्या मागावरची नक्षी त्यांनी वितळलेल्या काचेच्या धाग्यांत उतरवली. धार जिल्ह्यातल्या भिल्ल बायकांच्या गळ्यातल्या काचमण्यांच्या माळा पाहिल्या की हे उदाहरण आठवते. विणकामातून काच घडते, तर ज्या माळा मुळातच काचेच्या आहेत त्यांतून काय काय घडू शकेल!

जवळचे उदाहरण मुंबईचे आहे. रंगीत काचेची तावदाने घडवणाऱ्या आणि जुनी तावदाने दुरुस्त करणाऱ्या स्वाती चांदगडकर यांनी मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरमधल्या आणि तिथल्या ग्रंथालयातल्या काचांवर काम केले. फोर्टमधल्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगच्या खिडक्यांचेही काम त्यांच्याच हातून झाले. हे काम पाहणाऱ्याला सुंदर दिसते. करणाऱ्यासाठी मात्र ते चिकाटीची परीक्षा असते. तुकडे धरून ठेवणाऱ्या शिशाच्या पट्ट्या शंभर वर्षांत थकतात, तावदान पोट काढते, जुन्या लुकणाची माती होते. मग प्रत्येक तावदानाची नोंद करायची, ते उतरवायचे, कापसाच्या बोळ्याने काजळी काढायची आणि तडकलेला तुकडा शक्यतो न बदलता सांधायचा. अशा वेळी जुन्या कारागिराने रंगाची रेघ कुठे थांबवली, उजेड कुठे अडवला आणि कुठे सोडला, हे बोटांना कळते. काचेचे याहून चांगले शिक्षण आम्हांला ठाऊक नाही. मांडूच्या कपच्या असे शिक्षण देऊ शकतात.

माळवा कलावंताला रिकाम्या हाताने परत पाठवत नाही, हा इथला अनुभव आहे. वसईचे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके धारला आले आणि इथलेच झाले. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा त्यांचाच. 1961 साली त्यांना पद्मश्री मिळाली. कुमार गंधर्व 1948 च्या सुमारास क्षयाने आजारी होऊन देवासला आले. गाणे बंद होते, कान उघडे होते. माळव्याच्या बायकांची लोकगीते त्यांनी त्या अंथरुणावरून ऐकली आणि पुढे त्या धुनांतून नवे राग उभे केले. देवास संस्थानातल्या आलोटचे विष्णू चिंचाळकर गुरुजी इंदूरला चित्रकार देवळालीकरांकडे शिकले. हात तयार झाल्यावर त्यांनी रंगांच्या नळ्या बाजूला ठेवून वाळकी पाने, बिया आणि फुटक्या वस्तू उचलल्या. मोडक्या तुकड्यात चेहरा पाहायला त्यांनी कित्येक मुलांना शिकवले. या तिघांपैकी काचेत कुणीच काम केले नाही. तरी काचेच्या कलावंताला जे लागते ते तिघांकडे होते: समोर पडलेल्या वस्तूसमोर बराच वेळ थांबण्याची तयारी.

मराठी माणसाला काच नवी नाही. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, या अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून पैसाफंड उभा राहिला. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेला बळ दिले आणि 1908 साली तळेगावला काच कारखाना निघाला. पुढे 1916 मध्ये कऱ्हाडजवळ ओगल्यांच्या काच कारखान्यासह ओगलेवाडी वसली आणि तिथला प्रभाकर कंदील घरोघरी पोहोचला. स्वदेशीच्या त्या काळात काचेने उपयोगी पडणे हेच योग्य होते. पण तळेगाव-ओगलेवाडीच्या पुढची पायरी, म्हणजे काचेतून आपले म्हणणे मांडणारा कलावंत, आपण समाज म्हणून फारशा आस्थेने जोपासली नाही. संयुक्त राष्ट्रांनी 2022 हे वर्ष काचेचे म्हणून साजरे केले. ते आपल्याकडे कुठे जाणवले?

म्हणून धार आणि देवासच्या मराठी मंडळांना आमची विनंती आहे. गणेशोत्सवाच्या वर्गणीतून थोडा भाग बाजूला काढा आणि दरवर्षी वारसा सप्ताहाला जोडून एका काचकलावंताला किंवा झिलईकाम करणाऱ्या कुंभाराला महिनाभर धारला बोलवा. त्याने मांडूत बसून रंग टिपावेत, भिल्ल पाड्यांवर जाऊन माळा पाहाव्यात, देवासच्या शाळांत मुलांसमोर काम करावे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उरलेल्या प्रत्येक कपचीचे छायाचित्र, जागा आणि रंग यांची नोंद लोकांसाठी खुली करावी. आणि मांडूला जाणाऱ्या वाचकांनी एवढे तरी करावे: त्या निळ्या तुकड्यांना हात लावू नये, आणि मुलांना ते दाखवल्याशिवाय परतू नये.