माळावरची वृक्षभक्ती

हवामानबदलावर निसर्गाधारित उपाय हवेत, असं आता सगळेच म्हणतात. हरकत नाही. पण नुकतंच एका विद्वानांनी या उपायांचं सार एका वाक्यात सांगून टाकलं: पडीक जमीन दिसेल तिथे झाड लावा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. राज्यात लाखो हेक्टर माळ ओसाड पडलेत. मेंढरं, कुऱ्हाडी आणि वणवे यांनी तिथलं जंगल खाल्लं. ते परत उभं केलं की कार्बन शोषला जाईल, पाऊस वाढेल, पाखरं येतील; आणि जे यावर नाक मुरडतात ते कामचुकार. एवढी सगळी कामं एका रोपाच्या गळ्यात! त्या रोपाची खरोखर कीव येते.

पावसाचं आधी उरकून घेऊ. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो; तिथून पूर्वेला माणदेशात उतरलं की तो पाचशेच्या आसपास येतो. ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होतात म्हणून. माणदेशातले दहिवडीकर झाडं लावण्यात आळशी आहेत म्हणून नव्हे. झाडाकडून सगळं मागण्याची ही खोड जुनी आहे. ऐंशीच्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या भरात सुबाभूळ आणि निलगिरी यांना कल्पवृक्षाच्या पंगतीला बसवलं होतं. चारा, सरपण, कागद, पाऊस, सगळं त्यांच्याकडूनच मिळणार होतं. त्या पंगतीची उष्टी कोणी काढली, ते विचारायचं नसतं.

आता ‘ओसाड’ माळाकडे वळू. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यातला माळ म्हणजे मुरमाड जमीन, खाली खडक, वर पवन्या, मारवेल, कुसळी यांचं गवत आणि मधूनच एखादी बोर किंवा बाभूळ. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर तो पिवळा दिसतो, आणि पिवळं म्हणजे मेलेलं अशी आपल्या विद्वानांची समजूत आहे. इथे कधीकाळी घनदाट अरण्य होतं, हे त्यांनी कशावरून ठरवलं, ते त्यांनी सांगितलेलं नाही. उलट जुनं मराठी वाङ्मय आणि ओव्या चाळून संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवून दिलं, की पश्चिम महाराष्ट्रातले हे माळ किमान साडेसातशे वर्षं असेच उघडे आहेत. इंग्रज आले, आगगाडी आली आणि जंगल गेलं, ही गोष्ट घाटात काही ठिकाणी खरी असेल. माळावर ती चिकटवता येत नाही. इंग्रजांचा हात लागला तो दुसरीकडेच. महसूल न देणारी जमीन म्हणजे वाया गेलेली जमीन, हा त्यांचा हिशेब. साहेब गेला, त्याचा ‘पडीक’ हा रकाना राहिला, आणि आपण तो भक्तिभावाने भरतो आहोत.

शिवाय हा ओसाड माळ रिकामा कुठे आहे? लांडगा, खोकड आणि चिंकारा तिथेच राहतात. धाविक आणि चंडोल जमिनीवरच घरटं करतात. माळढोक उघड्या जमिनीवर सहसा एकच अंडं घालतो आणि दूरवर दिसतं म्हणूनच त्याला सुरक्षित वाटतं. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूरकडे अभयारण्य झालं. आज तिथे एखादा माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. त्याला संपवणारी कारणं अनेक आहेत, पण उरलेल्या अधिवासात उंदीरमारीच्या (ग्लिरिसिडियाच्या) झाडांच्या रांगा उभ्या करणं हे त्याच्यासाठी नक्कीच केलेलं नाही. देवघरात फार मोकळी जागा दिसते म्हणून तिथे फ्रिज ठेवावा, तसं हे ‘जैवविविधता संवर्धन’. आणि धनगर? दिवाळीनंतर कोकणात उतरणारी, पावसाळ्याच्या तोंडावर परतणारी, वाटेत रानात मेंढरं बसवून शेताला खत देणारी माणसं. रोपवनाला तारेचं कुंपण पडलं की ती आपसूक ‘अतिक्रमक’ होतात.

कार्बनचं म्हणाल, तर माळाचा कार्बन बराचसा मुळांत आणि मातीत असतो. वणवा लागला तरी तो तिथेच राहतो, झाडातला मात्र धुराबरोबर जातो. जेसीबीने चर आणि खड्डे खणून आपण तीच माती उघडी पाडतो आणि वर रोप लावून पुण्य मोजतो. रोपं जगतात किती, हे तर मी विचारतही नाही. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत राज्याने ५० कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं होतं. आकड्यांना पाणी घालावं लागत नाही. आणि देशाच्या वनपाहणीत एक हेक्टरचा तुकडा आणि दहा टक्के झाडोरा असला की आमराईसुद्धा वनआच्छादनात बसते, तेव्हा कागदावर हिरवळीला तोटा नाही.

मग करायचं काय, असं विचारतील. झाडं लावायची तर उजाड झालेल्या घाटउतारांवर लावा, तिथलीच लावा. कांदळवनं राखा, त्यांचा कार्बन खोडांपेक्षा चिखलात जास्त असतो, आणि भरतीचा मारही तीच सोसतात. देवराया वाचवा. माळावर गवताची राखण करा: बी पडेपर्यंत चराई नाही, त्यानंतर कापणी, त्यानंतर मेंढरं, आणि हे नियम ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांनी ठरवायचे. गवताखालचा कार्बन मोजणं किचकट आहे, हा आक्षेप मान्य. रोपं मोजणं सोपं आहे आणि त्यासोबत छायाचित्रही निघतं, हेही मान्य.

सुरुवात दोन कामांनी करता येईल. सरकारी नकाशातल्या ‘पडीक’ या रकान्यातून माळ बाहेर काढायचा, आणि लावलेली उंदीरमारी उपटायची. दुसऱ्या कामाची मजुरी रोहयोतून द्यावी. खड्डे खणायला दिलीच होती.