मत गुप्त, गैरहजेरी उघड

निवडणूक जाहीर झाली, की घराघरांतून एकच संवाद ऐकू येऊ लागतो. रविवारचे पोहे पुढ्यात असतात, वर्तमानपत्रात उमेदवारांच्या याद्या असतात आणि वाचता वाचता कुणीतरी म्हणते, ‘‘यातल्या कुणाला मत द्यायचं? सगळे एकाच माळेचे मणी!’’ कालपर्यंत एका पक्षाचा झेंडा खांद्यावर मिरवणारा आज दुसऱ्याच्या व्यासपीठावर हार घालून घेत असतो. एकावर खटले असतात. दुसऱ्याची मालमत्ता पाच वर्षांत एवढी कशी फुगली, हे त्याचे त्यालाच ठाऊक. तिसरा सज्जन असतो. पण तो निवडून येणार नाही, याची सर्वांनाच खात्री असते. मग मतदानाच्या दिवशी सुटी असते, बाहेर ऊन असते आणि ‘आपल्या एका मताने काय होणार’ असे म्हणत घरातली तीन-चार मते घरातच राहतात.

असे म्हणणारी माणसे बेजबाबदार नसतात. विजेचे बिल ती मुदतीत भरतात, सिग्नलला थांबतात, मुलांना नागरिकशास्त्राचा धडाही समजावून देतात. त्यांचा वैतागही खोटा नाही. २०२४ मध्ये लोकसभेवर निवडून आलेल्या ५४३ सदस्यांपैकी २५१ जणांनी आपल्यावर फौजदारी खटले असल्याचे स्वतःच्याच प्रतिज्ञापत्रात नमूद केले होते. ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ या संस्थेने ही मोजदाद केली. २०१९ मध्ये हाच आकडा २३३ होता. महाराष्ट्रातल्या मतदाराने तर याहून वेगळा धक्का पचवला आहे. २०१९ मध्ये ज्या चिन्हावर त्याने बोट ठेवले, ते चिन्हच २०२२ आणि २०२३ मधल्या फुटींनंतर कुणाच्या हाती गेले, हे त्याला टीव्हीवर पाहावे लागले. अशा मतदाराला ‘मतदान हे पवित्र कर्तव्य आहे’ एवढेच ऐकवणे म्हणजे त्याच्या जखमेवर सुविचार चिकटवणे होय. त्याच्या प्रश्नाला उत्तर हवे.

आपण निवडणुकीकडे स्थळ पाहायला गेल्यासारखे पाहतो. मुलगा चांगला, घर चांगले, वळण चांगले, सगळे मनासारखे असेल तरच होकार. नाहीतर नकार कळवून मोकळे. लग्नात हा मार्ग खुला असतो. स्थळ नाकारले की लग्न होत नाही. निवडणुकीत मात्र आपण मंडपात जा वा जाऊ नका, मतमोजणीच्या दिवशी कुणाच्या तरी गळ्यात माळ पडणारच असते आणि पुढची पाच वर्षे त्याच्याबरोबर संसार आपल्यालाच करायचा असतो.

म्हणूनच मत हा चारित्र्याचा दाखला नव्हे. समोर जी माणसे उभी आहेत त्यांपैकी कुणाच्या हाती किल्ल्या द्यायच्या आणि कुणाच्या हातून काढून घ्यायच्या, एवढाच तो निर्णय आहे. दगडापेक्षा वीट मऊ, असे आपल्याकडे म्हणतात. त्यात विटेचे कौतुक नाही. दगड आणि वीट यांतला फरक ओळखण्याचा व्यवहार आहे.

सत्याहत्तरचा धडा

हा व्यवहार भारतीय मतदाराने १९७७ मध्ये फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवला. आणीबाणीनंतर निवडणूक झाली तेव्हा समोर जनता पक्ष होता. संघटना काँग्रेस, जनसंघ, भारतीय लोकदल आणि समाजवादी अशी परस्परांशी न जुळणारी मंडळी घाईघाईने एकत्र आलेली. त्यांच्यात एकवाक्यता नाही, ते फार काळ नांदणार नाहीत, अशी शंका अनेकांना होती. तरीही मतदार रांगेत उभा राहिला. रायबरेलीत खुद्द इंदिरा गांधी राजनारायण यांच्याकडून ५५ हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाल्या. मुंबईतून मृणाल गोरे लोकसभेत गेल्या आणि ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा घरोघरी पोचली.

पुढे व्हायचे तेच झाले. भांडणांनी सरकार पोखरले, १९७९ च्या जुलैत मोरारजी देसाई यांना पायउतार व्हावे लागले आणि १९८० च्या जानेवारीत त्याच मतदाराने इंदिराबाईंना पुन्हा सत्तेवर बसवले. काहींना यात मतदाराचा चंचलपणा दिसला. नीट पाहिले, तर त्यात शहाणपण दिसते. आधी त्याने स्वातंत्र्यावर घाला घालणाऱ्यांना शिक्षा केली, मग कारभार न जमणाऱ्यांना. दोन्ही वेळा त्याच्यासमोर निर्दोष पर्याय नव्हता. निर्दोष पर्याय मिळेपर्यंत घरी बसायचे असे त्याने ठरवले असते, तर आणीबाणी लादणाऱ्यांना जाब विचारला तरी कुणी असता?

‘चांगला माणूस उभा राहू दे, मग बघा आम्ही कसे जातो’ असेही म्हटले जाते. त्याचे उत्तर पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत मिळाले आहे. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत उमेदवार होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ज्या घटनेने प्रत्येक प्रौढ भारतीयाला मताचा अधिकार दिला, तिचे शिल्पकार. काँग्रेसच्या नारायण काजरोळकर यांनी त्यांचा सुमारे पंधरा हजार मतांनी पराभव केला. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही बाबासाहेबांना अपयश आले. पूर्वी देवमाणसे उभी राहत आणि म्हणून लोक मत देत, ही आपली गोड समजूत आहे. त्या पहिल्या निवडणुकीत देशातल्या निम्म्याहून कमी मतदारांनी मतदान केले होते. चांगला उमेदवार आपोआप निवडून येत नाही आणि एकदा हरल्यावर दुसऱ्यांदा उभा राहायला त्याला फार मोठे काळीज लागते.

उमेदवार काय मोजतो?

आता ‘एका मताने काय होते’ या प्रश्नाकडे येऊ. कधी कधी सारेच होते. २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष सी. पी. जोशी एका मताने हरले. मुख्यमंत्रिपदासाठी त्यांचे नाव घेतले जात होते. २०२४ मध्ये वायव्य मुंबईत रवींद्र वायकर यांनी अमोल कीर्तिकर यांच्यावर अवघ्या ४८ मतांनी विजय मिळवला. ४८ मते म्हणजे एका मध्यम आकाराच्या इमारतीतली मते. त्याच मतदारसंघात १५ हजारांहून अधिक मतदारांनी ‘नोटा’चे बटण दाबले होते.

पण असे निकाल अपवादाने लागतात, हेही खरे. बहुतेक ठिकाणी फरक हजारांत असतो. तिथेही आपले मत मोजले जाते, फक्त ते मोजणारा वेगळा असतो.

मतदान गुप्त असते, हे आपल्याला माहीत आहे. पण निकालानंतर मतदान केंद्रनिहाय तक्ता प्रसिद्ध होतो, तो ‘नमुना २०’, हे फार थोड्यांना माहीत असते. कोणत्या केंद्रावर कुणाला किती मते पडली, हे त्यात लिहिलेले असते. मतपत्रिका होत्या तेव्हा वेगवेगळ्या पेट्यांतली मते मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्रे आल्यापासून प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा दिसतो. तो झाकण्यासाठी अनेक यंत्रांची बेरीज एकदम करणारे ‘टोटलायझर’ वापरावे, असे निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवले होते; ते अमलात आलेले नाही. शिवाय मतदान केलेल्याच्या नावावर केंद्रातल्या यादीत खूण केली जाते आणि ती खुणा केलेली यादी उमेदवाराला नियमाप्रमाणे मिळवता येते. आपण कुणाला मत दिले, हे कुणालाही कळत नाही. आपण गेलोच नाही, हे मात्र कळू शकते.

मुरलेला कार्यकर्ता हे तक्ते कुंडलीसारखे वाचतो. हजार-बाराशे मतदारांच्या एका केंद्रावर आठशे मते पडली आणि शेजारच्या केंद्रावर साडेतीनशे, असे समजा. रस्त्यासाठी निधी एकाच ठिकाणापुरता असेल, तर तो कुठे जाईल? आठशे मते विरोधात गेली असली, तरी पुढच्या वेळी ती वळवता येतील अशी आशा उमेदवाराला असते. जो येतच नाही, त्याला वळवायचे तरी कशाला?

झोपडवस्तीतली बाई उन्हात रांग लावते ती भाबडेपणाने, असे समजणारे पुष्कळ आहेत. तिला हे गणित आपल्यापेक्षा चांगले कळते. नळ, रेशनकार्ड, मुलाचा दाखला यांसाठी तिला दारात कुणीतरी यायला हवे असते आणि ते मतामुळेच येते, हा तिचा अनुभव आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे ७२ टक्के मतदान झाले. तिथल्या संवेदनशील भागांत मतदानाची वेळ दुपारी तीनलाच संपत होती. दक्षिण मुंबईत ते सुमारे ५० टक्के होते. मुंबईत तेव्हा मतदान सोमवारी होते आणि शनिवार-रविवार जोडून अनेकांनी गाव गाठले. विधानसभेच्या वेळी मतदानासाठी मुद्दाम बुधवार निवडावा लागला. सुशिक्षितांना मतदान केंद्रावर आणण्यासाठी पंचांग पाहावे लागते!

शहरातल्या मध्यमवर्गाला वाटते, की आपले सरकारवाचून अडत नाही. पाण्यासाठी टँकर, वीज गेली तर इन्व्हर्टर, शाळा खासगी, दवाखाना खासगी. पण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्याने कुणाच्या सोसायटीचे नाव विचारले नाही. पदपथ, नाला, हवा आणि शहराचा आराखडा या गोष्टी विकत आणता येत नाहीत.

‘नोटा’ आणि नगरसेवक नसलेली वर्षे

मग ‘नोटा’चे काय? सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालाने हे बटण मिळाले. त्याआधी कुणालाच मत द्यायचे नसेल, तर तसे केंद्राध्यक्षांसमोर नोंदवावे लागे. गुप्तता उरत नसे. घरी बसण्यापेक्षा ‘नोटा’ प्रामाणिक आहे, कारण त्यात हजेरी लागते. पण त्याची मर्यादा ओळखावी. लोकसभा-विधानसभेत ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली, तरी उमेदवारांत जो पुढे असेल तोच निवडून येतो. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण विधानसभा मतदारसंघात ‘नोटा’ साडेसत्तावीस हजार मतांसह दुसऱ्या क्रमांकावर होता. २०२४ मध्ये इंदूरला काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी माघार घेतल्यावर २ लाख १८ हजारांहून अधिक मते ‘नोटा’ला पडली आणि भाजपचे उमेदवार अकरा लाखांहून अधिक मताधिक्याने विजयी झाले. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक संस्थांसाठी एक पाऊल पुढे टाकले: तिथे ‘नोटा’ पहिला आल्यास फेरनिवडणूक. म्हणजे ‘नोटा’ हा निषेधाचा अर्ज आहे. पण जिथे दोन उमेदवारांत फरक आहे, तिथे तो वापरणे म्हणजे निवड शेजाऱ्यावर सोडणे आहे.

गावाने एकत्र बसून ‘पाणी नाही तर मत नाही’ असा ठराव केला, तर तहसीलदार समजूत घालायला धावत येतो. तो बहिष्कार बोलतो. एकट्याने दार लावून झोपण्याला बहिष्कार म्हणत नाहीत.

सदोष प्रतिनिधी बरा, की प्रतिनिधीच नसणे बरे, याचा प्रयोगही आपल्या शहरांत होऊन गेला आहे. मुंबई महापालिकेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली. प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला. पुण्यासह इतर शहरांतही प्रशासक आले. निवडणूक झाली ती थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. जवळजवळ चार वर्षे मुंबईला एकही नगरसेवक नव्हता. २०२५-२६ चा ७४ हजार कोटींहून मोठा अर्थसंकल्प एकाही निवडून आलेल्या माणसाच्या मताशिवाय मंजूर झाला. ज्या नगरसेवकाला आपण नावे ठेवत होतो, त्याला निदान सकाळी कार्यालयात गाठता येत असे, चारचौघांत विचारता येत असे. अधिकारी कितीही कर्तबगार असला, तरी पुढच्या निवडणुकीत त्याला पाडता येत नाही. एवढे होऊनही मतदानाचा दिवस उजाडला तेव्हा मुंबईतले जेमतेम निम्म्याहून थोडे अधिक मतदार बाहेर पडले.

मग सदोष उमेदवारांतून निवडायचे कसे? सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे उमेदवाराचे खटले, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण आपल्याला वाचायला मिळते. भाजी निवडून घेणाऱ्या घराने ही पाने एकदा चाळायला हरकत नाही. खटला आंदोलनाचा आहे, की खंडणीचा, हे तिथे दिसते. त्यापुढे तीन साधे प्रश्न विचारावेत. हा माणूस गेल्या पाच वर्षांत दिसला का? त्याला विरोधात बोललेले सोसते का? आणि चुकला, तर त्याला घरी पाठवणे आपल्याला शक्य राहील का? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्याला पुढच्या वेळी बदलता येते, त्याचे दोष सहन करता येतात. जो बदलण्याची वाटच बुजवू पाहतो, त्याच्या गुणांनीही भुलू नये.

मतदारयादीत नाव नसणे, केंद्र ऐनवेळी बदलणे, रांग हलत नसणे या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्याबद्दल आयोगाला धारेवर धरलेच पाहिजे. पण नाव आहे की नाही, हे मतदानाच्या सकाळी पाहायचे नसते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील मतदारांना घरून मत देण्याची सोय होती. आजी-आजोबांसाठी तसा अर्ज वेळेत करणे नातवंडांना सहज जमण्यासारखे आहे.

शेवटी यादीत आपल्या नावावर एक खूण होते, किंवा ती जागा कोरी राहते. कोऱ्या जागेत आपला निषेध, आपला वैताग, आपली उच्च अपेक्षा लिहिलेली आहे, असे आपल्याला वाटते. यादी वाचणारा तिथे एवढेच वाचतो, की या घराची दखल घ्यायचे कारण नाही.