चाबी फिरते, गाडी मानत नाही

लोणारच्या विवराने आजवर काय काय गिळलं असेल कोण जाणे. गेल्या श्रावणात त्याने माझ्या गाडीची चाबी गिळली. पुण्याकडे किल्ली हरवते, आमच्या बुलडाणा जिल्ह्यात चाबी हरवते. गेलेली वस्तू तीच. काठावर गाडी लावली, ताई आणि भाऊजींना घेऊन खाली कमळजा देवीपर्यंत उतरलो, चढताना धाप लागली म्हणून एका दगडावर बसलो आणि घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला. बहुधा तिथेच. वर येऊन खिसा चाचपला तेव्हा त्यात प्रसादाचे फुटाणे तेवढे होते.

ताई म्हणाली, "दुसरी घरी असेल ना रे?"

नव्हती. गाडी चार वर्षांपूर्वी चिखलीत जुनी घेतलेली. विकणाऱ्याने एक चाबी हातावर ठेवली आणि म्हणाला, "दुसरी कुठंतरी ठेवल्या गेली जी, सापडली की पाठवतो." तो सद्गृहस्थ आजही शोधत असावा. एका चाबीवर गाडी घेणारा माणूस मूर्ख असतो, हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे तुम्हाला तसं पत्र पाठवायचे कष्ट नकोत. पण मूर्खपणाला दंड किती आणि तो कोणी वसूल करायचा, यावर मात्र माझं भांडण आहे.

गावातून चाबीवाला आला. पायात स्लीपर, खांद्याला रेक्झिनची पिशवी. त्याचं काम मी मांडी घालून पाहिलं, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. कोरी चाबी दाराच्या कुलपात घालायची, हलकेच पिळायची, बाहेर काढून उन्हात तिरपी धरायची. पात्यावर जिथे केसाएवढा ओरखडा उमटला असेल तिथे कानशीचे दोन हात मारायचे. फुंकर. पुन्हा कुलपात. असं वीस-पंचवीस वेळा. चाळीस मिनिटांत दार उघडलं. तीच चाबी स्टिअरिंगखाली घातली, फिरवली. इंजिन घरघरलं, क्षणभर पेटलं आणि विझलं. समोरच्या काचेआड गाडीच्या चित्रावर चाबीचं चित्र असलेला लाल दिवा डोळे मिचकावू लागला.

चाबीवाल्याने कानस पिशवीत टाकली. "चाबी बरोबर हाय भाऊ. लागते बी, फिरते बी. पन गाडी मानत नाई तिले."

इमोबिलायझरची इतकी नेमकी व्याख्या मला नंतर कोणत्याही इंजिनिअरने दिली नाही.

प्रकार असा आहे. चाबीच्या काळ्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप दडलेली असते. तिला सेल लागत नाही. बटण दाबून दार उघडणाऱ्या रिमोटचा सेल वेगळा, तो संपला तरी गाडी सुरू होते. चाबी आत गेली की कुलपाभोवती बसवलेल्या तारेच्या वेटोळ्यातून चिपला जाता जाता घोटभर वीज मिळते, तेवढ्यात ती आपली ओळख सांगते. गाडीचा संगणक ती ओळख आपल्या यादीशी ताडून पाहतो. जुळली तर इंधन सोडतो, नाही तर बसा लोणारच्या काठावर. नवी चाबी करायची तर नुसतं पातं कापून भागत नाही. स्टिअरिंगखालच्या खोबणीत स्कॅनर लावून त्या यादीत नव्या चिपचं नाव चढवावं लागतं. आणि पुष्कळ गाड्या त्यासाठी एक गुप्त आकडा मागतात. तो आकडा कोणाकडे? कंपनीकडे.

इथे जरा थांबतो. गाडी एमएच २८. आरसी माझ्या नावावर, विमा माझ्या नावावर, पीयूसी माझ्या नावावर, मेहकरच्या रस्त्यावर हेल्मेटचं चलान चुकून आलं तेही माझ्याच नावावर. गाडी सुरू करायचा आकडा तेवढा माझा नाही. सातबारा शेतकऱ्याचा, पण विहिरीचं झाकण पाटलाच्या वाड्यात, अशातला हा व्यवहार. घरची सरकी राखून पेरणारा वऱ्हाडी माणूस दरवर्षी बियाण्याचं पाकीट विकत घ्यायला शिकला, त्यालाही आता किती वर्षं झाली. सवय लावली की लागते.

गाडी टोचन करून शंभरेक किलोमीटरवरच्या एका शोरूमला नेली. नाव सांगत नाही. सगळ्यांचंच थोड्याफार फरकाने तसंच असणार, एकट्याची कशाला जाहिरात करा. एसीत बसलेल्या मुलाने यादी दिली: आरसी, विमा, आधार, पोलिसांचा गहाळ दाखला, बॉण्डवर प्रतिज्ञापत्र (शंभराचा बॉण्ड २०२४ पासून पाचशेचा झालाय, हेही बसल्या जागी कळलं) आणि सहावी ओळ, "मूळ चाबी, असल्यास." असल्यास! पोलीस ठाण्यात हवालदारसाहेबांनी विचारलं, हरवली की चोरीला गेली? हरवली म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला, कारण चोरीला गुन्हा लागतो आणि हरवण्याला नुसती नोंद. "कुठे हरवली?" "लोणारच्या विवरात." त्यांनी वर पाहिलं. "शोधली का?"

कागद जमले. मग अंदाजपत्रक आलं. एकही चाबी शिल्लक नाही म्हणून तिन्ही कुलपांचा संच बदलायचा, म्हणून गाडीचा संगणक बदलायचा, म्हणून कोडिंग, म्हणून मजुरी. अठ्ठावीस हजार चारशे. माल वरून मागवावा लागेल, तीन आठवडे. मी विचारलं, संगणक बिघडलाय का? नाही सर. कुलपं? तीही चांगली आहेत सर. मग? "सर, प्रोसिजर आहे." दोन लाख दहा हजारांना घेतलेल्या गाडीचा धडधाकट मेंदू काढून फेकायचा, कारण मालकाच्या खिशाला भोक होतं. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या माणसाचं डोकं बदलणारा डॉक्टर अजून जन्माला यायचाय. शोरूममध्ये तो टाय लावून बसतो.

यंत्रणाच नको, असं मी म्हणत नाही. जर्मनीने १९९८ पासून नव्या गाड्यांना ती सक्तीची केली आणि ती नसली की काय होतं ते अमेरिकेने दाखवलं. तिथे २०१५ सालच्या मॉडेलांत इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांना इमोबिलायझर होता, ह्युंदाई आणि कियाच्या मात्र २६ टक्क्यांनाच. मग पोरांनी व्हिडिओ काढून शिकवलं की स्टिअरिंगजवळचं आवरण उचकटून यूएसबी केबलच्या टोकाने गाडी सुरू होते, आणि २०२२ पासून गावोगाव त्या गाड्यांची लूट झाली. तेव्हा कुलूप हवंच. कुलपाच्या नावाखाली चाललेली सावकारी नको.

कंपन्या सांगतात, आकडा गुप्त ठेवला नाही तर चोरांचं फावेल. चोर बिचारे आकड्यासाठी अडलेत, असं यांना खरंच वाटतं का? त्याच खोबणीत यंत्र लावून काही मिनिटांत कोऱ्या चाबीला गाडीची ओळख करून देणाऱ्या टोळ्या दिल्ली पोलिसांनी पुन्हा पुन्हा पकडल्यात. चोराला प्रतिज्ञापत्र लागत नाही, बॉण्ड लागत नाही, माल वरून यायची वाट पाहावी लागत नाही. आणि गुप्ततेची महती गाणाऱ्यांनी मेगामॉसची गोष्ट ऐकावी. मेगामॉस क्रिप्टो नावाची चिप कितीतरी नामांकित गाड्यांच्या चाब्यांत होती. २०१२ मध्ये नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या विद्यापीठांतल्या तीन संशोधकांनी तिच्यातली भोकं शोधून बनवणाऱ्याला कळवली. फोक्सवॅगनने काय केलं? २०१३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयातून त्यांच्या निबंधावर मनाई हुकूम आणला. दोन वर्षं तो निबंध अडकून राहिला; २०१५ मध्ये छापला गेला तो एक वाक्य वगळून. भोक बुजवण्यापेक्षा भोक दाखवणाऱ्याचं तोंड बुजवणं स्वस्त पडलं असावं.

आपल्याकडे याचा निवाडा झालेला नाही असंही नाही, आणि मला खरा राग त्याचाच आहे. २०११ मध्ये शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून प्रकरण भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेलं. आरोप असा की कंपन्या अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहितीपुस्तकं आणि दोष शोधणारी यंत्रं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळूच देत नाहीत. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने आरोप मान्य केला. मारुती, टाटा, महिंद्र, होंडा, टोयोटा धरून १४ कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपये दंड. सुटे भाग आणि यंत्रं खुल्या बाजारात मिळू द्या, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी मोडू नका, असा आदेश. वाचून ऊर भरून येतो. मग नेहमीचं: कोणी अपिलात गेलं, कोणी उच्च न्यायालयात; २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तिघांचे दोष कायम ठेवून दंड मात्र खाली आणला. पुढे २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षीच्या २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, पोर्टल उघडलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं. पोर्टल झालं, स्वतंत्र कायदा राहिला. हक्काचं घर बांधलं, चाबी द्यायची विसरले.

तर माझी गाडी. ती शोरूममधून जशीच्या तशी परत ओढून आणली (टोचनचे दुसऱ्यांदा पैसे, धन्यवाद) आणि भाच्याने खामगावहून एका पोराला बोलावलं. पंचविशीचा असेल. मोटारसायकल, पाठीवर सॅक, सॅकमध्ये टॅबलेटसारखं यंत्र, चिपवाल्या कोऱ्या चाब्यांची डबी. यंत्राची वायर खोबणीत खुपसली, गाडीचं मॉडेल निवडलं, यंत्राने गाडीच्याच पोटातून तो पवित्र आकडा वाचून दाखवला. चार अंकी. ज्यासाठी माझ्या गाडीचा मेंदू बदलणार होते तो आकडा माझ्या एटीएमच्या पिनएवढा होता. पोराने विचारलं, "जुनी चाबी पुसू का? कोनाले सापडली तं गाडी चालू व्हाले नाई पायजे." शोरूमच्या अंदाजपत्रकात मेंदूपासून मजुरीपर्यंत सगळं होतं, हा साधा प्रश्न नव्हता. अर्धा तास, दोन चाब्या, साडेचार हजार.

आता माझ्याच बाजूची जिरवतो. त्या पोराने मला आरसी मागितली नाही. आधार नाही, काही नाही. मी विचारलं, गाडी माझीच कशावरून? तो हसला. "भाऊ, चोर बहीन-जावयाले संग घेऊन, दिवसाढवळ्या, च्या पाजून चाबी बनवते का?" उत्तर हजरजबाबी, पण उत्तर नव्हे. उद्या हाच पोरगा कोणाच्या चहाला भुलेल आणि त्यात माझी गाडी जाईल. एकीकडे पाच कागद मागून काम न करणारे, दुसरीकडे एकही कागद न मागता काम करणारा. या दोघांच्या मधली जागा रिकामी आहे, आणि ती भरायचं काम सरकारचं होतं.

अवघड आहे म्हणावं तर तसंही नाही. अमेरिकेत पूर्वचारित्र्य तपासून किल्लीवाल्यांची नोंद केली जाते. नोंद झालेला माणूस मालकी पडताळतो, कागद लिहून ठेवतो आणि मग कंपनीकडून आकडा घेतो. युरोपीय संघाने २०१८ च्या नियमाने चोरीशी संबंधित दुरुस्तीची माहितीदेखील तपासून मान्यता दिलेल्या बाहेरच्या गॅरेजवाल्यांना खुली केली. आपल्याकडे जुने मोबाइल विकणाऱ्याने वही ठेवावी म्हणून पोलीस मागे लागतात. दहा लाखांच्या गाडीची चाबी करणाऱ्याला वही कोणती, हे मात्र कोणी विचारत नाही. खामगावच्या पोराला ठाण्यात नोंदवा, वही द्या, आरसी पाहायला लावा आणि कंपनीला सांगा, याला आकडा द्या. आणि नवी गाडी घेताना तो आकडा बंद पाकिटात मालकाच्या हाती द्या, बँक पूर्वी पिन द्यायची तसा. हरवला तर माझं नशीब. पण आधी माझा तरी होऊ द्या.

एक गोष्ट मला विमा एजंटने ऐकवली, ती जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी. गाडी चोरीला गेली आणि दावा केला की विमा कंपनी दोन्ही मूळ चाब्या मागते. एकच असली की तोंड वाकडं: दुसरी कुठाय, चोराला तुम्हीच दिली नाही ना? म्हणजे चार वर्षं मी हप्ते भरत होतो ते कशाचे, देव जाणे. आता दोन्ही चाब्या आहेत, पण मूळ एकही नाही. एजंटला विचारलं, मग कसं? तो म्हणाला, साडेचार हजारांची पावती जपून ठेवा. पावती? त्या पोराने फोनपेवर पैसे घेऊन अंगठा दाखवला होता.

परवा शेजारच्या देशमुखकाकांना चिखलीला जुनी गाडी बघायला जायचं होतं. अनुभवी म्हणून मला सोबत नेलं. टायर पाहिले, बॉनेट उघडलं, काकांनी इंजिनचा आवाज कान देऊन ऐकला, घासाघीस झाली, चहा झाला. काका पैसे मोजायला लागले तसा मी मध्ये पडलो. "दुसरी चाबी?"

विकणाऱ्याने अगदी मनापासून कपाळाला हात लावला. "हाय ना जी. घरीच कुठंतरी हाय. सापडली की पाठवतो."