शपथेविना जबाब आणि विसंगत निकाल

कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींचे प्रकरण २०२२ मध्ये गाजले. महापालिकेच्या बनावट परवानग्यांवर महारेराची नोंदणी मिळवल्याचे हे प्रकरण. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने पाडकामाचा आदेश दिला. आयुष्याची पुंजी घातलेल्या रहिवाशाचा प्रश्न साधा आहे: दोषी कोण?

फसवणुकीच्या खटल्यांत बिल्डर दलालाकडे बोट दाखवतो, दलाल कागद रंगवणाऱ्याकडे. आरोपीचा हा जबाब शपथेवर नसतो. पूर्वी कलम ३१३, तर १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचे कलम ३५१ त्याला लागू आहे. न्यायालय तो विचारात घेते. पण उलटतपासणी नसल्याने केवळ त्यावर सहआरोपीला शिक्षा देता येत नाही.

मग एक अडकला, दुसरा सुटला, तर अपिलात काय टिकेल? पुरावा आणि भूमिका सारखीच असेल तर एकाला शिक्षा आणि दुसऱ्याची मुक्तता करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका खटल्यात २०२३ मध्ये बजावले. भूमिका वेगळी असेल, तर निकालही वेगळा हवाच. म्हणूनच खोटा शिक्का कोणी बनवला, कोणी जाणूनबुजून वापरला, हे तपासात माणसागणिक सिद्ध झाले पाहिजे. नाही तर अपिलात आरोपी सुटतील आणि रहिवाशाच्या हाती उरतील ते कर्जाचे हप्ते!