काउंटर कुणाचे?

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे हे जुन्नर-आंबेगावात शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. 14 मधोमध दाटीनं, 16 इंग्रजी वायच्या आकारात पंचवीसेक किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. पाहुणे आले की त्या दाखवायच्या, फोटो काढायचे. मला मात्र खरी गंमत वाटते ती त्यांच्याकडून येणारे आकडे गिळणाऱ्या यंत्रांची.

2010 साली जीएमआरटीच्या मंडळींनी एक निबंध छापला. तबकड्यांचे सिग्नल एकमेकांशी ताडून बघण्याचं काम त्यांनी 48 लिनक्स कॉम्प्युटरांच्या ताफ्यावर, बाजारात मिळणाऱ्या सामानातून उभं केलं होतं. 32 अँटेनांची सोय, प्रत्येकीचे दोन सिग्नल, 33 मेगाहर्ट्झचा पट्टा. बोटं मोडून हिशेब केला तर सेकंदाला 400 कोटींवर नमुने! आकाश काही कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे हे सगळं जागच्या जागी उरकायला हवं. निबंधाच्या सारांशातच त्यांनी सांगून टाकलंय की प्रोग्रॅम कॅशचा काटकसरीनं वापर करणारा आहे.

कॅश म्हणजे प्रोसेसरच्या उशाशी असलेली छोटी, चपळ मेमरी. हवं ते तिथे सापडलं तर ठीक, नाहीतर मुख्य मेमरीपर्यंत हेलपाटा. असे हेलपाटे किती झाले ते बाहेरून कळत नाही, प्रोग्रॅम नुसता रेंगाळतो. पण प्रोसेसर स्वतः ते मोजू शकतो, त्यासाठी त्याच्या पोटात काउंटर असतात.

हे काउंटर पहिल्यापासूनच लपवाछपवीत वाढलेत. इंटेलच्या पेंटियममध्ये (1993) ते होते, पण माहिती गुप्त. शेवटी टेर्ये माथिसेन नावाच्या नॉर्वेजियन गृहस्थानं ते उलगडून 1994 च्या जुलैत 'बाइट' मासिकात छापले. लिनक्सच्या मूळ कर्नेलमध्ये आजची सोय आली ती 2009 मध्ये. तोवर बाहेरचे पॅच लावत बसायचं. आता 'परफ स्टॅट' म्हणायचं, पुढे प्रोग्रॅमचं नाव, की आकडे हजर.

हजर, म्हणजे कुलूप नसेल तर. कर्नेलमध्ये 'पॅरानॉइड' नावाचाच एक आकडा आहे (नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी). 2016 पासून तो मुळात 2 असतो: साध्या युजरनं स्वतःचा प्रोग्रॅम मोजावा, कर्नेलच्या आत डोकावू नये. मला हे अगदी रास्त वाटतं. पण डेबियन आणि उबुंटूवाल्यांनी त्यावर आणखी एक पायरी चढवली: रूट नसाल तर काहीच नाही. त्यांची भीती खोटी नाही. 2013 मध्ये याच भागातल्या एका चुकीतून साधा युजर रूट बनू शकत होता. शिवाय काउंटरांवरून शेजारच्या प्रोग्रॅमची गुपितं ताडता येतात म्हणतात. पण ती चूक दुरुस्त झाली, आणि शेजाऱ्याकडे बघू न देणं वेगळं, स्वतःची नाडी बघू न देणं वेगळं. 2020 मध्ये तर फक्त मोजणीपुरता परवाना देण्याची सोयही कर्नेलमध्ये आली. तरी सरसकट कुलूप आहेच.

कुणी म्हणेल, पोरांच्या हातात आकडे दिले तर ती भलतेच निष्कर्ष काढतील. काढतीलच! काउंटर असतात मोजके, बऱ्याच प्रोसेसरांत मनाजोगते लावता येणारे चार. त्यातला एखादा कर्नेलचा पहारेकरी आधीच अडवून बसलेला असतो. तुम्ही आठ गोष्टी मागितल्या तर कर्नेल पाळी लावतं. समजा दोन पाटांवर मिळून एकच मोजणीदार आहे. तास इथे, तास तिथे, आणि संध्याकाळी दोन्ही आकडे दुप्पट करून सांगतो. पाणी एकसारखं वाहत असेल तर बरोबर. पण तो दुसरीकडे असताना कुणी वरचं दार उघडलं असेल तर? परफ प्रामाणिक आहे, किती टक्के वेळ खरंच मोजलं ते ओळीच्या शेवटी कंसात लिहितो. तो कंस वाचायची सवय पुस्तकातून लागत नाही, दोनदा तोंडघशी पडल्यावर लागते.

आणि 'कॅश मिसेस' हे नावही फसवं. एका प्रोसेसरवर कर्नेल त्याच्याखाली एक घटना मोजतं, दुसऱ्यावर वेगळी. दोन मशीनच्या आकड्यांची तुलना करून भांडणारे लोक मी बघितलेत.

अवसरीपासून बेल्ह्यापर्यंत आपल्याकडे इंजिनिअरिंगची कॉलेजं झाली. खोडदला जे झालं तसलं काम पुढे करायचं तर ते यातल्याच कुणीतरी करायचंय. घरबसल्या भाड्याचं मशीन घ्यावं तर तिथे बऱ्याचदा 'नॉट सपोर्टेड' एवढंच उत्तर येतं. म्हणून लॅब सांभाळणाऱ्या सरांना आणि मॅडमना एवढंच सांगणं: तो आकडा 2 वर आणा. एका ओळीचं काम आहे, आणि मशीन पुन्हा सुरू केल्यावरही तो तसाच राहील असं सेटिंगच्या फाइलमध्ये लिहायला विसरू नका.