वंदियदेवन तरतो तो थापांवर

संपादक महोदय,


‘पोन्नियिन सेल्वन’ या तमिळ चित्रपटात ‘पावनखिंड’सारखी लढाई नाही, ही आपल्या पत्रलेखकाची तक्रार उलटी आहे. दिग्दर्शक मणिरत्नम यांनी लढाई वाढवलीच! कल्कींची पाच खंडांची मूळ कादंबरी (१९५०-५४) आडिपेरुक्कू सणाच्या दिवशी वीरनारायण तलावाकाठी रमतगमत सुरू होते. २०२२चा चित्रपट थेट राष्ट्रकूटांवरच्या चढाईने. मुळात कादंबरीचा नायक वंदियदेवन हा निरोप्या. तलवारीपेक्षा थापांवर तरणारा. खरी कात्री लागली ती कादंबरीतल्या मणिमेखलैला; बिचारी पडद्यावर आलीच नाही. आणि चोळ राजकन्या कुंदवैचे पळैयारै हे गाव तर आमच्या कुंभकोणम्‌च्या शेजारचे. तिथे वाडे उरले नाहीत, देवळे आहेत. काही चित्रीकरण मात्र ओरछ्यात, म्हणजे बुंदेल्यांच्या कमानी चोळांच्या समजून पाहायच्या! ही तक्रार करा, खाली माझीही सही घाला.

– एक मराठी वाचक, कुंभकोणम्