पाहुण्या कोडच्या हाती घराच्या किल्ल्या

फेब्रुवारी 2018 मध्ये ब्रिटनच्या आरोग्य सेवेची काही पाने उघडणाऱ्यांचे संगणक त्यांच्या नकळत 'मोनेरो' हे आभासी चलन तयार करण्याच्या कामाला जुंपले गेले. ही संकेतस्थळे कुणी थेट फोडली नव्हती. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा 'ब्राउझअलाउड' हा तयार घटक त्यांनी बाहेरच्या कंपनीकडून घेतला होता. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या एका फाइलमध्ये बदल केला आणि चार हजारांहून अधिक संकेतस्थळे एकदम बाधित झाली. नागरिकांच्या खासगी माहितीचे रक्षण करणाऱ्या ब्रिटिश आयुक्तालयाचे संकेतस्थळही त्यात होते!

एका संकेतस्थळाने दुसऱ्याच्या खिडकीत डोकावू नये, हा ब्राउझरचा जुना नियम. पण बाहेरची स्क्रिप्ट आपणच पानात बोलावली, की ती घरचीच ठरते. रुग्णाने अर्जात लिहिलेला आजारही ती वाचू शकते. हल्ली असे घटक स्वतंत्र 'टॅग'च्या रूपात मिळतात आणि त्यांची अंतर्गत रचना उरलेल्या पानापासून वेगळी ठेवता येते. अनेकांना ती सुरक्षेची भिंत वाटते. प्रत्यक्षात तो पडदा आहे. रंगरूपाची सरमिसळ त्याने टळते, चोरी नाही.

खरी भिंत म्हणजे वेगळी चौकट. घटक तिच्यात त्याच्या मूळ पत्त्यावरूनच चालतो आणि पानाशी फक्त निरोपांची देवाणघेवाण करतो. निरोप कुठून आला, हे मात्र दोन्ही बाजूंनी तपासावे लागते. कार्डाचा क्रमांक घेणाऱ्या रकान्यासाठी ही पद्धत उत्तम.

वाचून दाखवणाऱ्या घटकाचे काय? त्याला तर सगळे पान दिसायलाच हवे. तिथे उपाय फाइलच्या ठशाचा: एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही आणि ब्राउझर फाइल चालवत नाही. ही सोय 2016 मध्येच प्रमाणित झाली होती. अडचण अशी, की कंपनीने केलेली प्रामाणिक दुरुस्तीही त्यात अडते. म्हणून ठसा टाळला जातो, आणि 2024 मध्ये 'पॉलिफिल'चे तेच झाले. या लोकप्रिय सेवेचा पत्ता नव्या मालकाकडे गेला आणि काही महिन्यांतच लाखभर संकेतस्थळांच्या पानांत घातक कोड पोहोचला. ही सेवा प्रत्येक ब्राउझरला वेगळी फाइल देत असे, त्यामुळे तिला ठसा लावणेच अवघड होते. अशा वेळी तपासलेली प्रत स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणे बरे. मात्र दर सुधारणेनंतर ती पुन्हा तपासायला माणूस लागतो, आणि त्याचा पगार रुग्णालयाच्या अंदाजपत्रकातूनच द्यावा लागतो.